नावे ठेवण्याआधी

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमानिमित्त अल्लीपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हे भाषण स्मरणिकेतून वाचणाऱ्या वाचकांनीही आपण ह्याच सभेत बसलो आहोत असे समजावे, अशी विनंती आहे.

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर नीलगिरीच्या झाडाचे काय काम? परंतु मला बोलायचे आहे ते झाडापेक्षा त्या झाडाला नाव देणाऱ्या माणसांबद्दल. आपल्या मराठीत दोन शब्दप्रयोग आहेत. बाळाचे नाव ठेवतात, आणि एखाद्याला नावे ठेवतात. एका मात्रेचा काय तो फरक. पण पहिल्यात ओळख आहे आणि दुसऱ्यात निंदा. नीलगिरीच्या बाबतीत ह्या दोन्ही गोष्टी घडल्या. नाव देणारे मूठभर होते, नावे ठेवणारे पुष्कळ झाले. ह्या दोहोंत काय अंतर आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

नावाची किंमत आपल्या तालुक्याला शिकवावी लागू नये. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाट हे केवळ गावाचे नाव नव्हते, ते कापसाच्या एका उत्तम देशी वाणाचे नाव होते. विलायतेच्या बाजारात त्या नावाने कापूस विकला जाई. पुढे भरड धाग्याचे पण भरघोस पिकणारे वाण त्यात मिसळत गेले आणि ते नाव मागे पडले. वेगवेगळ्या वस्तू एकाच नावाखाली ढकलल्या की चांगल्याचेही मोल जाते, हा धडा आपल्या काळ्या मातीतलाच आहे.

आता झाडाकडे वळू. बांधावर, रस्त्याच्या कडेला, सरकारी इमारतींच्या आवारात सरळसोट वाढलेले, साल सोलून पांढुरके दिसणारे, पान चुरगळले की औषधी वास देणारे झाड आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आपण त्याला नीलगिरी म्हणतो. पण हे नाव झाडाचे नव्हेच, ते दक्षिणेतील डोंगरांचे आहे. त्या डोंगरांत ह्याची मोठी लागवड झाली, तिथून तेलाच्या बाटल्या आपल्या बाजारात आल्या आणि बाटलीवरचे नाव झाडाला चिकटले. झाड मूळचे ऑस्ट्रेलिया खंडाचे. शास्त्रात त्याला युकॅलिप्टस म्हणतात, आणि ह्या एका नावाखाली सातशेहून अधिक जाती मोडतात. म्हणजे आपण ज्याला एक झाड समजतो, ते सातशे भावंडांचे कुटुंब आहे.

युकॅलिप्टस हे नाव प्रथम कोणी दिले? ते देणारा गृहस्थ फ्रान्समधील एक न्यायाधीश होता. त्याचे नाव शार्ल लुई लेरिटिए, जन्म १७४६. वनस्पतिशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती. १७७२ मध्ये पॅरिस विभागाच्या पाणी व जंगल खात्यात त्याची नेमणूक झाली आणि ज्या झाडांचे निवाडे करायचे ती झाडे आधी ओळखता आली पाहिजेत, असे त्याच्या मनाने घेतले. विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. न्याय देण्याचे काम पदरी आले म्हणून माणूस झाडांची नावे शिकू लागला. त्याने घरचा पैसा खर्चून ग्रंथ छापले. १७८६ मध्ये तो लंडनला गेला आणि तिथे सर जोसेफ बँक्स ह्यांच्या संग्रहातले वाळलेले नमुने पाहत बसला. त्या नमुन्यांत एक डहाळी होती. तिच्यावरून त्याने युकॅलिप्टस ऑब्लिका ह्या झाडाचे वर्णन लिहिले. ग्रंथावर १७८८ हे साल आहे, प्रत्यक्षात तो १७८९ च्या आरंभी बाहेर पडला. त्यातले ह्या झाडाचे चित्र रदूते नावाच्या विख्यात पुष्पचित्रकाराने काढलेले आहे.

नावाचा अर्थ सोपा आहे. ग्रीक भाषेत 'यु' म्हणजे चांगले आणि 'कॅलिप्टोस' म्हणजे झाकलेले. नीलगिरीची कळी हाती घेऊन पाहा. तिच्या डोक्यावर एक छोटी टोपी असते. फूल उमलण्याच्या वेळी ती टोपी गळून पडते आणि आतून पुंकेसरांचा झुबका बाहेर येतो. नीट झाकलेले, म्हणून युकॅलिप्टस. 'ऑब्लिका' म्हणजे तिरपे. ह्या झाडाच्या पानाचा तळ दोन्ही बाजूंना सारखा नसतो, म्हणून हे दुसरे नाव. नावात स्तुती नाही, निंदा नाही. जे डोळ्यांना दिसले तेवढेच नोंदले आहे.

ह्या दोन शब्दांच्या पद्धतीला पाया घातला स्वीडनच्या लिनियस ह्यांनी, १७५३ च्या ग्रंथात. पहिला शब्द कुटुंबाचा, दुसरा त्या जातीचा. आपल्या शाळेच्या हजेरीपटात आधी आडनाव आणि मग नाव लिहितात ना, तसेच हे. हजेरीपटावर नुसती आडनावे लिहिली तर काय होईल? एका वर्गात पाच शेख, चार पठाण आणि तीन पाटील असले की कोणी गैरहजर राहावे आणि दंड भलत्यालाच व्हावा! झाडांच्या बाबतीत नेमके हेच होत आले आहे.

परंतु ही डहाळी लंडनला आणली कोणी? हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. ती आणणारा डेव्हिड नेल्सन हा लंडनजवळच्या क्यू येथील बागेतला माळी होता. कॅप्टन कुक ह्यांच्या तिसऱ्या सफरीवर बँक्स ह्यांनी त्याला वनस्पती गोळा करण्यासाठी धाडले. जानेवारी १७७७ मध्ये टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावर, अॅडव्हेंचर बे नावाच्या उपसागराच्या काठी, त्याने ही फांदी तोडून कागदात वाळवली. पुढे तो 'बाउंटी' ह्या जहाजावर नीरफणसाची रोपे नेण्याच्या कामावर गेला. एप्रिल १७८९ मध्ये त्या जहाजावर बंड झाले. कप्तान ब्लाय आणि त्याच्याशी इमान राखणाऱ्यांना बंडखोरांनी एका उघड्या होडीत सोडून दिले. नेल्सन त्या होडीत होता. सुमारे दीड महिना उपाशीतापाशी समुद्र कापून ती होडी तिमोर बेटाला लागली, आणि तिथे २० जुलै १७८९ रोजी तापाने नेल्सन वारला. त्याच वर्षाच्या आरंभी त्याने तोडलेल्या फांदीचे नाव जगापुढे आले होते. ते त्याच्या कानी पोहोचण्याचा काही मार्गच नव्हता.

आणि लेरिटिए? त्याने ऑस्ट्रेलियाची भूमी कधी पाहिली नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत त्याची संपत्ती गेली आणि ऑगस्ट १८०० मध्ये पॅरिस शहरात घराजवळच कोणी तरी त्याचा खून केला. खुनी सापडला नाही. न्यायाधीशाच्या स्वतःच्या खुनाचा निवाडा झाला नाही, पण त्याने दिलेले नाव मात्र आजतागायत टिकून आहे. नेल्सनने तोडलेली ती डहाळीही लंडनच्या संग्रहालयात आज जपून ठेवलेली आहे.

ह्यानंतर नावे देणाऱ्यांची एक रांगच लागली. त्यांतील तिघांचा उल्लेख करतो, कारण त्यांचा आपल्याशी संबंध येतो.

पहिला फ्रान्सचा लाबियार्दिएर. समुद्रात बेपत्ता झालेल्या एका फ्रेंच दर्यावर्दीच्या शोधार्थ निघालेल्या जहाजांवर तो होता. टास्मानियात त्याने जे उंच झाड पाहिले त्याला युकॅलिप्टस ग्लोब्युलस असे नाव देऊन १८०० मध्ये त्याचे वर्णन छापले. ग्लोब्युलस म्हणजे लहानशी गोळी किंवा गुंडी, फळाच्या आकारावरून. सर्दीपडशाला आपण जे निळसर पानांच्या झाडाचे तेल हुंगतो ते मुख्यतः ह्या जातीचे. लाबियार्दिएरचा सगळा संग्रह वाटेत त्याच्या हातून गेला आणि लंडनला पोहोचला. इंग्लंड आणि फ्रान्स ह्यांच्यात तेव्हा युद्ध चालू होते. तरीही बँक्स ह्या इंग्रज विद्वानाने खटपट करून तो संग्रह १७९६ मध्ये मूळ मालकाला परत मिळवून दिला. विद्येच्या दरबारात शत्रूचीही अमानत परत करावी लागते, हे त्या माणसाने ओळखले होते.

दुसरा इंग्लंडचा जेम्स एडवर्ड स्मिथ. त्याने १७९५ मध्ये युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस हे नाव दिले. अर्थ, गोलसर शिंगाचा. ह्या झाडाच्या कळीची टोपी शिंगासारखी लांबट असते. तिसरा डेनहार्ट. त्याने १८३२ मध्ये इटलीतील नेपल्सजवळच्या कामालदोली येथील बागेत वाढलेल्या झाडावरून युकॅलिप्टस कामाल्डुलेन्सिस हे नाव दिले. म्हणजे ऑस्ट्रेलियातील नदीकाठच्या झाडाला इटलीतल्या बागेचे नाव मिळाले! आपल्याकडे डोंगराचे नाव मिळाले तसेच.

आता हे झाड हिंदुस्थानात कसे आले ते पाहू. वनशास्त्राच्या पुस्तकांत असे सांगितले जाते की १७९० च्या सुमारास म्हैसूरचे टिपू सुलतान ह्यांच्या नंदी टेकडीवरील बागेत युकॅलिप्टसच्या काही जाती प्रथम लावल्या गेल्या. बागांचा शौक त्या घराण्यात होताच. बंगळूरच्या लालबागेचा आरंभ हैदर अलींनी केला. नीलगिरी डोंगरांत १८४३ पासून लागवड सुरू झाली, मुख्यतः जळणासाठी. पुढे नंदी टेकडीच्या झाडांपासून 'म्हैसूर गम' नावाचा वाण निघाला आणि स्वातंत्र्यानंतर तो सपाटीच्या प्रदेशांत पसरला. सामाजिक वनीकरणाच्या काळात, म्हणजे १९८० च्या आसपास, ह्याच झाडांच्या रोपांनी देशभरचे बांध आणि पडीक जमिनी भरून गेल्या. कागदाच्या कारखान्यांना लगदा हवा होता, शेतकऱ्याला झटपट पैसा.

आणि इथून नावे ठेवणे सुरू झाले. नीलगिरी पाणी पिते. नीलगिरी विहिरी आटवते. नीलगिरीखाली गवत उगवत नाही. कर्नाटकात शेतकऱ्यांनी रोपे उपटून आंदोलने केली. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेला ह्या विषयावर स्वतंत्र अहवाल काढावा लागला. २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने नव्या लागवडीवर बंदी घातली. दुसऱ्या बाजूला असेही लोक होते की ते ह्या झाडाला कल्पवृक्ष म्हणत.

सज्जनहो, ह्या भांडणात खरे काय? मी तुम्हाला एकच प्रश्न विचारायला सांगतो. कोणती नीलगिरी, कोणत्या मातीत, किती झाडे?

कारण डोंगरातली तेलाची ग्लोब्युलस ही थंड हवेची. आपल्या वर्धा जिल्ह्याच्या उन्हाळ्यात तिचा टिकाव लागणे कठीण. आपल्याकडे दिसते ती बहुधा टेरेटिकॉर्निस, कामाल्डुलेन्सिस किंवा त्यांचा संकर. बंगल्यांच्या आवारात लिंबाच्या वासाचे जे गुळगुळीत खोडाचे झाड असते ते तिसरेच, आणि त्याला तर १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी युकॅलिप्टसमधून काढून कोरिम्बिया नावाच्या वेगळ्या कुटुंबात घातले आहे. तिन्हींचे तेल वेगळे, लाकूड वेगळे, गरज वेगळी. आणि आपण तिघांना एकाच नावाने शाबासकी देतो किंवा शिवी देतो.

पाण्याचेही तसेच. कर्नाटकात पुढे प्रत्यक्ष मोजमाप करण्यात आले. उथळ मातीत नीलगिरीचा पाण्याचा खर्च तिथल्या मूळ रानाइतकाच निघाला. परंतु खोल मातीत लावलेल्या झाडांनी मुळे खाली नेऊन, वर्षाला पडतो त्या पावसाहूनही अधिक पाणी जमिनीतून ओढल्याचे आढळले. म्हणजे तक्रार करणारा शेतकरी खोटे बोलत नव्हता, आणि सर्वच झाडे सर्व ठिकाणी गुन्हेगार नव्हती. बांधावरच्या दहा झाडांची आणि दहा एकर सलग लागवडीची शिक्षा एकच असू शकत नाही. आपली काळी माती पुष्कळ ठिकाणी खोल आहे, तेव्हा सलग लागवडीचा विचार करणाऱ्याने इथे दहा वेळा विचार करावा, हे मी स्पष्ट सांगतो. पण विचार करायचा तो मोजून, नाव विचारून. ऐकीव गोष्टींवर नव्हे.

माणसांच्या बाबतीतही आपण हेच मागतो ना? आम्हाला एका गठ्ठ्यात बांधू नका, आमच्यातल्या प्रत्येकाला त्याच्या नावाने आणि त्याच्या कामाने ओळखा, अशी आपली अपेक्षा असते. ती रास्त आहे. परंतु जो न्याय स्वतःसाठी मागायचा, तो दुसऱ्याला देण्याची सवय आधी स्वतःला लावावी लागते. झाडापासून ही सवय लावणे सर्वांत सोपे. झाड भांडत नाही.

आता नाव देण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे व्याख्यान एकतर्फी होईल. नाव देणारे जसे स्मरणात राहिले, तसे कित्येकांचे नाव घ्यायचेच राहून गेले.

ब्रूनी बेटावर माणसे राहत होती. हजारो वर्षे ती त्या झाडांच्या सावलीत वावरली. त्या झाडाला त्यांच्या भाषेत काय म्हणतात, हे लेरिटिएच्या ग्रंथात आले नाही. आपल्याकडेही पाहा. पळसाला शास्त्रात ब्युटिया म्हणतात, ते लॉर्ड ब्यूट ह्या इंग्लंडच्या एका पंतप्रधानाच्या नावावरून, कारण तो वनस्पतिशास्त्राचा आश्रयदाता होता. आपल्याकडे घराघरांत पत्रावळी लागत ती पाने पळसाची, आणि नाव मात्र सातासमुद्रापलीकडच्या उमरावाचे. मुंबई इलाख्यात निकोल डॅल्झेल हा कस्टम खात्यात आलेला स्कॉटिश गृहस्थ पुढे वनाधिकारी झाला. त्याने अलेक्झांडर गिब्सन ह्यांच्याबरोबर १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ छापला. शिवनेरीच्या परिसरातील कड्यांवर उगवणाऱ्या एका दुर्मीळ फुलाला ह्या डॅल्झेलने गव्हर्नर बार्टल फ्रिअर ह्यांच्यावरून फ्रेरिया असे नाव दिले. त्या फुलाला शिंदळ माकुडी हे गावरान नाव होतेच.

ह्याच गिब्सन ह्यांच्याकडे पुण्याजवळ दापोडीची सरकारी बाग होती. तिथे १८४७ ते १८५० ह्या काळात एका देशी पोर्तुगीज चित्रकाराने वनस्पतींची दीडशेहून अधिक सुंदर चित्रे काढली. ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रांतल्या प्रत्येक झाडाचे नाव लावता येते. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. आज शोधूनही ते सापडत नाही.

परंतु ह्याच्या उलट उदाहरणेही आहेत आणि ती आपल्या देशात आहेत. केरळात डच अधिकारी व्हान रीड ह्याने १६७८ ते १६९३ ह्या काळात मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ छापून घेतला. त्यात इट्टी अच्युतन ह्या वैद्याचे आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट ह्या तिघा कोकणी वैद्यांचे नाव घेऊन ऋण मान्य केलेले आहे. कोकणी वैद्यांचे निवेदन नागरी लिपीत छापले आहे. चित्राच्या कागदावर झाडाचे नाव मल्याळममध्ये, अरबी लिपीत आणि नागरी लिपीतही कोरलेले दिसते. एका पानावर, एका झाडाभोवती, तीन लिप्या शेजारी शेजारी! हाच ग्रंथ पुढे लिनियस ह्यांनी आपल्या देशातील झाडांसाठी आधार म्हणून वापरला. त्याही आधी, तेराव्या शतकात, अंदलुसचे इब्न अल्-बैतार ह्यांनी औषधी वनस्पतींचा जो अरबी ग्रंथ लिहिला त्यात सुमारे चौदाशे पदार्थांची नोंद आहे, आणि एकेका वनस्पतीची अरबी, ग्रीक, बर्बर अशी नावे शेजारी दिलेली आहेत. मोठ्या विद्वानाला दुसऱ्याच्या भाषेतले नाव लिहिताना कमीपणा वाटत नाही.

कुरआन शरीफात अल्लाहने हजरत आदम अलैहिस्सलाम ह्यांना नावे शिकवल्याचे वर्णन आहे, हे येथे बसलेल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. नावे शिकणे ही माणसाच्या विद्येची पहिली पायरी मानली गेली. तेव्हा वनस्पतिशास्त्र हे परक्यांचे शास्त्र आहे, असे आपण तरी म्हणू नये.

नाव चुकले तर ते सुधारताही येते. दक्षिण आफ्रिकेतील अनेक झाडांच्या नावात 'कॅफ्रा' असा शब्द होता. तो मुळात अरबी शब्दावरून गेलेला, पण तिथे काळ्या लोकांना हिणवण्यासाठी वापरला गेला. २०२४ मध्ये माद्रिद येथे भरलेल्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत तो बदलून 'आफ्रा', म्हणजे आफ्रिकेचा, असा करण्याचा ठराव मतदानाने संमत झाला. दोनशेहून अधिक नावे अशी सुधारली जात आहेत. अपमान नावात शिरू शकतो, तसा तो काढूनही टाकता येतो.

आता आपल्या शाळेकडे येतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये ह्याच वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. हाताने काम करीत शिकावे, भोवतालच्या सृष्टीतून शिकावे, ही त्या योजनेची शिकवण 'वर्धा योजना' ह्या नावाने देशभर गेली. झाकिरसाहेबांना स्वतःला फुलझाडांचा विलक्षण छंद होता. चंदिगडच्या प्रसिद्ध गुलाबबागेला त्यांचेच नाव आहे. जी योजना वर्ध्याच्या नावाने ओळखली गेली, तिचा थोडासा अंश वर्धा जिल्ह्यातील गावाने आचरणात आणू नये काय?

मी मोठा खर्च सुचवीत नाही. शाळेत झाडांची एक नोंदवही ठेवावी. गावातील आणि शिवारातील प्रत्येक जातीच्या झाडाला एक पान. त्यावर मराठी नाव लिहावे, घरात उर्दूत म्हणतात ते नाव लिहावे, आणि रानात राबणाऱ्या वृद्ध माणसांकडून त्यांच्या बोलीतले नाव विचारून लिहावे. पळस म्हणजे ढाक, मोह म्हणजे महुआ, बाभूळ म्हणजे कीकर, हे एका पानावर आले की तीन घरे एका पानावर आली. शेवटी शास्त्रीय नाव लिहावे. नमुना करण्याची रीत अशी: फूल किंवा फळ असलेली वीतभर डहाळी रद्दीच्या कागदांत पसरून वर वजन ठेवावे, कागद रोज बदलावेत, आणि आठ-दहा दिवसांत ती पुरती वाळली की जाड कागदावर शिवावी. खाली ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव घालावे. नाव ओळखता आले नाही तर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे केंद्र आहे, नागपूरला विद्यापीठ आहे. १९८६ मध्ये उगेमुगे ह्यांनी नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आपल्या भागासाठीही उपयोगी पडेल.

कदाचित पहिले पान हिंगणाचे असावे. हिंगणघाटाच्या नावातच हे झाड उभे आहे. फ्रान्सच्या दलील नावाच्या शास्त्रज्ञाने नेपोलियनबरोबर मिसर देशात जाऊन १८१३ मध्ये त्याला बॅलॅनाइटिस इजिप्शियाका, म्हणजे मिसरचे, असे नाव दिले. आपल्या शिवारातले काटेरी हिंगण आणि नाईलकाठचे झाड एकच, हे ज्या मुलाला कळेल त्याला भूगोल निराळा शिकवावा लागणार नाही.

हे काम लवकर का केले पाहिजे, तेही सांगतो. ज्या आजी-आजोबांना रानातली शंभर नावे तोंडपाठ आहेत, ते आज आपल्यात आहेत. त्यांच्यातील कित्येकांना लिहिता येत नाही. ज्यांना लिहिता येते अशी त्यांची नातवंडे ह्या शाळेत आहेत, आणि त्यांना दहाही झाडे ओळखता येत नाहीत. जाणणारा आणि लिहिणारा एका घरात असूनही ज्ञान बुडावे, ह्यासारखे दुर्दैव नाही. दर वर्षी गावातून एक-दोन जनाजे निघतात, एक-दोन तिरड्या निघतात, आणि त्यांच्याबरोबर कित्येक नावे जातात. ती नावे कोणत्याही लंडनच्या पेटीत ठेवलेली नाहीत.

आणखी एक गोष्ट. नमुन्याच्या कागदावर गोळा करणाऱ्याचे नाव लिहिण्याची जी रीत आहे, ती फार समतेची आहे. तिथे डेव्हिड नेल्सन माळ्याचे नाव लागते, न्यायाधीशाचे लागते, तसे आठवीतल्या मुलीचेही लागते. कागद उन्हापाण्यापासून आणि किडीपासून जपला तर तो दोनशे वर्षे टिकतो, हे आपण पाहिलेच. आमच्या मुलींना मी मुद्दाम सांगतो. अभ्यासाला दूर जाता येत नसेल, तर आवारातील कडुनिंबापासून आरंभ करा. डहाळी तुमची, नोंद तुमची, खाली नावही तुमचेच असू द्या. दापोडीच्या चित्रकाराचे जे झाले ते तुमचे होऊ देऊ नका.

शिक्षकांना माझी एकच प्रार्थना आहे. 'नीलगिरी: शाप की वरदान?' ह्या विषयावर निबंध आणि वादविवाद पुष्कळ झाले. यंदा वादविवाद ठेवण्याआधी मुलांना त्या झाडाखाली न्या. कळीची टोपी पाहू द्या, पान हुंगू द्या, जवळच्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जाते ते दोरीने मोजू द्या. मग ज्याला जे बोलायचे ते बोलू द्या. असा वाद हरला तरी विद्यार्थी जिंकतो.

झाड असो की माणूस, नावे ठेवण्याआधी त्याचे नाव विचारावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत संस्थेच्या अहवालाबरोबर गावातील झाडांची यादीही छापली जावो, आणि प्रत्येक झाडासमोर ते शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव असो.

खुदा हाफिज. जय हिंद.